चार रुपयांची ओळ

१

मंगळवारी सकाळी दगडाबाई सुईण कचेरीत आली, माझ्या मेजावर गुळाचा खडा ठेवला आणि माझ्याच पाया पडायला वाकली. आपलं काहीतरी बिघडलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. जिंतुरातली निम्मी माणसं या बाईनं स्वतःच्या हातानं जगात आणलेली. माझी पाचही लेकरं तिच्याच हातची. ती कुणाच्या पाया पडत नसते.

"मावशी, काय करायलीस?" मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पेशकारसाहेब, लय भलं होईल तुमचं. चार रुपये! कारकुनाच्या बरोबरीनं! आमच्या गल्लीत कुनी इस्वास ठिवना."

"कसले चार रुपये?"

"आता गं बया! चावडीवर लावलंय की तुमीच."

चावडी कचेरीपासून पन्नास पावलांवर. धोतराचा सोगा हातात धरून मी ती पळत गेलो. भिंतीवर निवडणुकीच्या कामाचा मेहनताना लावलेला होता, खळ अजून ओली होती.

केंद्राचे मुख्य अधिकारी, किशनराव नारायणराव, हेडमास्तर: आठ रुपये (हाली सिक्का).
कारकून, बन्सीधर विठ्ठलराव, पेशकार: चार रुपये.
चपराशी, चंद्रभान लिंबाजी: दीड रुपया.
स्त्री-मतदारांची नावे सांगणारी, दगडाबाई, सुईण: चार रुपये.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. आदल्या दिवशी कमिटीनं तिथं ‘खण-नारळ’ ठरवलं होतं. मसुद्यात ते मीच लिहिलं होतं.

हे काय प्रकरण, ते सांगतो. फसली तेराशे त्रेपन्न साल, फरवर्दी महिना, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीसचा फेब्रुवारी, लढाईचे दिवस. आमच्या गावकमिटीची पहिली निवडणूक आठ दिवसांवर आली होती. ज्याच्या नावावर घर, त्याला मत. आता आमच्या गावातल्या शहाण्यांनी जप्तीच्या भीतीनं घरं बायकांच्या नावावर करून ठेवलेली. त्यामुळं तीनशे मतदारांत एकशेबारा बायका निघाल्या. प्रत्येकीच्या नावापुढं सरकारी रिवाजानं ‘जौजे अमुक’ लिहिलेलं, म्हणजे अमक्याची बायको. आणि कायदा असा, की मतदारानं ते तोंडानं सांगायचं, मगच चिठ्ठी मिळायची.

आमच्याकडं कोणती बाई नवऱ्याचं नाव घेते? नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं समजतात. मागच्या उन्हाळ्यात रॉकेलच्या कार्डांची नोंद झाली, तेव्हा बायका डबे घेऊन चार-चार तास उन्हात उभ्या राहिल्या. कारकून विचारतोय आणि बाई पदराचं टोक चावतेय. शेवटी दगडाबाई आली, कारकुनाशेजारी फतकल मारून बसली, एकेकीच्या नवऱ्याचं नाव सांगत गेली आणि तासाभरात रांग संपली. म्हणून मतदानालाही तिलाच बसवायचं ठरलं.

द्यायचं काय, यावर घोडं अडलं. मेहनताना ठरवणाऱ्या कमिटीत तिघे: तहसीलदार करामत अली साहेब, कापसाचे व्यापारी आबासाहेब आणि शाळेचे किशनराव मास्तर. मास्तर म्हणाले, चार रुपये. आबासाहेब म्हणाले, "बसून नावं तर सांगायचीत. खण-नारळ द्या, बाईमाणूस खूश." साहेबांना खण-नारळ म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नव्हतं. काहीतरी इज्जतीची चीज असावी, असं समजून त्यांनी मान डोलावली. दोन विरुद्ध एक, ठराव झाला.

भिंतीवर लावायची प्रत बाळबोधीत हवी होती. मी मोडीत आणि उर्दूत वाढलेला माणूस, माझं बाळबोध अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. तेव्हा प्रत मास्तरांनी घरी लिहावी असं ठरलं. मसुदा त्यांनी डाव्या हातानं घेतला, उजवा उपरण्यातच होता. सरकारी कागद असा घेतात का, असं मनात आलं, पण बोललो नाही. मंगळवारी सकाळी चंद्रभान चपराशानं मास्तरांच्या घरून गुंडाळी आणली. मी मोठ्या रुबाबात, न उघडता, ‘प्रत व मसुदा मिळाले’ अशी नोंदवहीत सही ठोकली आणि प्रत चावडीवर लावायला सांगितलं.

आता मी धापा टाकत परत आलो आणि गुंडाळीचं फडकं झटकलं. मसुदा त्यात नव्हताच.

२

"ये दस्तखत तुम्हारेच है ना?" करामत अली साहेबांनी नोंदवही माझ्यापुढं सरकवली. साहेब भला माणूस होता, आवाज कधी चढवायचा नाही. तो हळू बोलायला लागला की आम्हाला घाम फुटायचा.

"जी, माझेच."

"मसुदा तुम्हाला मिळाला. आता नाही. भिंतीवर दुसरंच लागलंय."

चावडीवरचा कागद सोलून मेजावर आणला होता. आबासाहेब त्यावर वाकले होते. त्यांना स्वतःच्या अकलेचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांची नजर चांगलीच चालली.

"बगा साहेब. समदा कागद मास्तरच्या अक्षरात हाय, मोत्याच्या दाण्यावाणी. पर हे बगा. ‘किशनराव नारायणराव’ एवढंच नाव कसं वाकडंतिकडं? अन् खालची सही बी तशीच. मंजी मास्तरचं अक्षर कुनीतरी घोटून काढलं, अन् नावावर येऊन फसला गडी. अन् हा डाग कशाचा?"

नावाशेजारी पिवळा डाग होता. साहेबांनी वास घेतला. हळद होती.

"हळदीचे हात कुनाचे असतेत?" आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाळंतिनीपशी बसनारीचे. दगडाबाईनं लिव्हून घेतलं अन् पेशकारानं कागद बदलला. ह्यांची पाच लेकरं तिनंच काढलीत, साहेब."

"अहो, लेकरं काय मी एकट्यानं..." असं काहीतरी माझ्या तोंडातून निघालं. असल्या वेळी माझी जीभ हमखास घसरते.

साहेबांनी हात वर केला. "बन्सीधर, उद्या दुपारी दोनच्या मोटारीनं ही यादी परभणीला, जिल्ह्याच्या अव्वल तालुकदार साहेबांकडं जाणार. तोपर्यंत हे कुणी केलं ते सांगा. नाहीतर यादीबरोबर तुमच्या मुअत्तलीचा कागदही जाईल. माझा इलाज नाही."

मुअत्तल, म्हणजे कामावरून दूर! सोळा वर्षांची नोकरी, घरात सात तोंडं. मी खाली मान घालून बाहेर आलो. पायऱ्यांवर दगडाबाई अजून बसलेली. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. गुळाचा खडा तिनं परत पदरात बांधला आणि उठून गेली. आपल्या नोकरीपेक्षा त्या गाठीचंच मला जास्त लागलं.

३

देव म्हणा, नशीब म्हणा, त्या आठवड्यात माझे मामा माझ्या घरी पाहुणे होते. दत्तराव मामा, पिंगळीचे. तीस वर्षं गिरदावरी केलेला माणूस. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांनी लिहिलेली पिकं शेतावर जाऊन तपासणारा. शेतात न जाता घरबसल्या पीक लिहिणारे कितीतरी पटवारी मामांनी पकडले होते. डाव्या कानानं ठार बहिरे. त्यामुळं बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचे आणि तो बिचारा न विचारलेलंही सांगून मोकळा व्हायचा.

मामांनी कागद बघायला मागितला. साहेबांनी मोठ्या मनानं दिला. मामा तो उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले.

"बन्सी, घरी बसून लिव्हनारा पटवारी म्या कसा धरायचो, ठावं हाय का? त्यानं काय लिव्हलं ते बगायचो न्हाई. काय लिव्हायचं सोडलं ते बगायचो."

"इथं काय सोडलंय? सगळं तर लिहिलंय."

"आबासाहेब मनतेत, घोटून काढनारा नावावर फसला. आरं, ज्यानं शंभर अक्षरं हुबेहूब काढली, त्याला धा-अकरा अक्षरं जड गेली व्हय? अन् ती बी सोपी?" मामा उठले. "चल. आदी तुजा चपराशी."

चंद्रभान चावडीमागं खळीचं भांडं घासत होता. त्याला अक्षर म्हणजे काळ्या म्हशी, एवढंच कळायचं.

"म्या काय बी केलं न्हाई, बाप्पा," तो मामांच्या तोंडाकडं बघून घाबरला. "मास्तरच्या घरी गेलो. मास्तर नहानीत व्हते. बाईनं गुंडाळी दिली. सुमनबाईनं. मनल्या, नीट लाव रे, उलटं लावशील. हे वरलं अंग, हे खाललं. वाटंत कुठं थांबलो न्हाई. दगडामावशीला भेटलो बी न्हाई. तिच्या हातावर जलमलो म्हनून काय चोर ठरतो का म्या?"

"गुंडाळी जड व्हती का हलकी?"

"कागद कुठं जड असतोय का, मामा?"

मामांना ते उत्तर फार आवडलं. ते हसत हसत शाळेकडं वळले.

शाळेत पोरं पाढे म्हणत होती. किशनराव मास्तर खुर्चीत बसून होते, उजवा हात उपरण्यात, चेहरा उतरलेला. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखतो. फळ्यावर तारीख लिहिल्याशिवाय हा माणूस तास सुरू करत नाही. आज फळा कोरा होता.

"मास्तर, माझी नोकरी चाललीय," मी सरळ म्हणालो. "प्रतीत काय होतं?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मी खण-नारळच सांगितलं. चार रुपये मी कमिटीत मागितले, ते हरलो. हरल्यावर लबाडी करणारा मी नाही, बन्सीधर."

"आणि मसुदा?"

"घरून गेला असेल. गुंडाळीतच असेल." त्यांनी उपरणं सारखं केलं. "मुदत कधीपर्यंत आहे?"

"उद्या दोनची मोटार."

त्यांनी मान हलवली आणि पोरांना पुढचा पाढा म्हणायला सांगितलं. तेराचा झाल्यावर त्यांनी पुन्हा तेराचाच सांगितला. पोरांनीही मुकाट्यानं म्हटला.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "बघितलंत? एवढा जुना मित्र, आणि डोळ्याला डोळा देईना!"

"कान तुजे दोन हायत, बन्सी, अन् ऐकायलो म्या एका कानानं," मामा म्हणाले. "ते काय मनले? नीट आठव."

"खण-नारळच सांगितलं, म्हणाले."

"व्हय. सांगितलं मनले."

एवढं बोलून मामा घराकडं चालू लागले.

४

जेवताना मी भाकरीला हात लावला नव्हता. तानुबाई, माझी मंडळी, वाढत होती. मामा मात्र तिसरी भाकरी कुस्करत होते. मधेच त्यांनी विचारलं, "सुनबाई, ह्यो समोर बसलाय तो कोन गं?"

तानुबाईला वाटलं, म्हातारा चळला. "असं काय मामंजी? तुमचे भाचे."

"त्ये खरं. पर नाव काय त्याचं?"

"इश्श! तुमाला ठावं न्हाई का?"

"म्या इसरलो समज. सांग."

"थोरलीचे बाबा," तानुबाई म्हणाली.

"अन् तुला लिव्हता आलं असतं, अन् ह्याचं नाव कागदावर लिव्हायची पाळी आली असती तर?"

ती विचारात पडली. तिनं असा विचार जन्मात केला नव्हता. "तोंडानं घ्यायचं न्हाई तर हातानं तरी कसं घ्यावं? तेवढी जागा ठिवली असती मोकळी. ह्यांनीच लिव्हावं आपलं."

मामांचा घास हातातच राहिला. मग ते इतके मोठ्यानं हसले की लेकरं उठून बसली.

"सापडलं!" ते म्हणाले. "बन्सी, जेव. तुजी नोकरी जात न्हाई."

मी जेवलो नाही ते नाहीच. पुन्हापुन्हा विचारलं, तरी मामा एकच सांगत राहिले. "त्या माणसानं सोताहून यायला पायजे. म्या नाव घेनार न्हाई. घेतलं तर एक जीव वाचंल अन् दुसऱ्याची अब्रू जाईल. उद्या दगडाबाईला कचेरीत बोलवायला लाव साहेबांना, अन् चंद्रभानला सांग, तुजी मुअत्तली गल्लीगल्लीत बोंबलून ये. मास्तरच्या गल्लीत जरा जोरात."

५

बुधवारी अकरा वाजता कचेरी भरली. साहेब, आबासाहेब, मी, मामा. दगडाबाई जमिनीवर, तोंड फिरवून बसलेली. तिला चौकशीला बोलावलंय म्हणताच पंधरावीस बाया तिच्यामागं आल्या होत्या आणि दाराबाहेर घोळका करून उभ्या होत्या.

साहेबांनी मामांना बोला म्हणायच्या आत किशनराव मास्तर दारातून आत आले. सरळ मेजापुढं उभे राहिले.

"साहेब, ते मी केलं. प्रत लिहिताना मुद्दाम चार रुपये लिहिले आणि मसुदा जाळला. बन्सीधरचा काही संबंध नाही. काय करायचं ते माझं करा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काल मनातल्या मनात या माणसाला किती शिव्या घातल्या होत्या!

आबासाहेबांचं तोंड पडलं. साहेबांनी चष्मा काढला. मामा मात्र आरामात म्हणाले, "मास्तर, तीच ओळ हितं लिव्हून दावता का?"

मी दौत-टाक पुढं केला. मास्तर हलले नाहीत.

"हात भायेर काढा, मास्तर. दुखत असंल, पर काढा."

मास्तरांनी उपरण्यातून हात काढला. अंगठ्याला हळदीची चिंधी बांधली होती. मामांनी ती हलक्या हातानं सोडली. नखुर्डं झालेलं, अंगठा वांग्यासारखा सुजून जांभळा पडलेला. मास्तरांनी दोन बोटांत टाक धरला आणि दात आवळून ‘किशन’ एवढं लिहिलं. अक्षरं वाकडी, मोठाली, ओळ सोडून खाली उतरलेली.

भिंतीवरच्या यादीतलं नाव अगदी तसंच होतं. शेजारी हळदीचा ताजा डागही पडला.

"साहेब," मामा म्हणाले, "कालपसून समदे मनायलेत, कागद मास्तरचा अन् नाव भामट्याचं. उलटं हाय. नाव अन् सही मास्तरची. कागद दुसऱ्याचा. असा अंगठा घेऊन मानूस चार ओळी लिव्हत न्हाई, सांगून लिव्हून घेतो. काल मास्तर मनलेच, म्या खण-नारळ सांगितलं. लिव्हलं असं मनले न्हाईत. खोटं बोलायची सवय न्हाई त्यांला, आज पैल्यांदा बोलायलेत."

"लिहिलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"ज्याला समदं लिव्हता येतं, पर तेवढं एक नाव लिव्हता येत न्हाई."

पुरुषांना कळायला थोडा वेळ लागला. दाराबाहेरच्या बायांना आधी कळलं, कारण घोळका हळूहळू दुभंगला आणि एकटी सुमनबाई उंबऱ्यात उभी राहिली. मास्तरांची बायको, लहानखुरी, कपाळावर मोठं कुंकू. तिच्या हातात माझा मसुदा होता, नीट घडी केलेला.

"जाळला नाही," ती म्हणाली. "देवाच्या फळीवर ठेवला होता. ह्यांना काही ठाऊक नव्हतं."

६

सुमनबाई लग्नात निरक्षर होती. मास्तरांनीच तिला पाटीवर गिरवायला शिकवलं. म्हणून दोघांचं अक्षर एक, पोस्टमास्तरालाही फरक कळत नसे. हे तिनंच सांगितलं, खाली बघत, पण आवाज न कापता.

"ह्यांनी सांगितलं, लिही, चपराशी दीड रुपया. लिहिलं. मग म्हणाले, दगडाबाई, खण-नारळ. माझा हातच चालेना, साहेब. रॉकेलच्या वेळी मी उन्हात चार तास उभी होते. घेरी येऊन पडले. ह्या मावशीनं मला पाणी पाजलं, माझ्या वतीनं नाव सांगितलं आणि डबा भरून घरी पोचवला. चपराशाला पैसे आणि तिला खण? मी चार रुपये लिहिले. ह्यांच्या नावाची जागा मोकळी ठेवली, नेहमी ठेवते तशी. ह्यांनी नाव घातलं, सही केली. वाचलं नाही."

"सही करण्याआधी वाचायचं असतं, मास्तर," साहेब म्हणाले.

"अठरा वर्षांत हिचं लिहिलेलं कधी तपासावं लागलं नाही, साहेब," मास्तर म्हणाले. त्यांना त्याचा अजूनही अभिमानच वाटत होता, हे दिसत होतं.

"आज बन्सीधरभाऊंची नोकरी जाते असं ऐकलं," सुमनबाई म्हणाली. "मग राहवेना. मला काय ती सजा द्या."

आबासाहेब खाकरले. "साहेब, सरकारी कागदात फेरफार हाय हा. जबानी लिव्हून घ्या."

साहेबांनी नाइलाजानं मला खूण केली. ज्याच्यावर आळ होता त्यानंच जबानी लिहायची, असा आमच्या कचेरीचा कारभार. मी कागद ओढला.

"नाव?"

"सुमनबाई."

"जौजे?"

तिनं मान खाली घातली.

"सुमनबाई, पतीचं नाव सांगा," साहेब म्हणाले. ती पदराचं टोक चावायला लागली.

"लिखो ना बन्सीधर, सबको मालूम है."

"माफी असावी साहेब," मी म्हणालो. एका सहीनं पोळलेला माणूस मी, आता ताकही फुंकून पिणार होतो. "जबानी देणारानं सांगितल्याशिवाय किंवा तिसऱ्यानं ओळख पटवल्याशिवाय लिहिलं, तर उद्या परभणीहून विचारणा होईल. काल नियमात चुकलो, आज चुकणार नाही."

साहेबांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर तिचे नवरे, त्यांची साक्ष चालेना. साहेबांनी पहिलं अक्षर सुचवून बघितलं. ‘कि’ ऐकताच सुमनबाईनं कान झाकले. आबासाहेब म्हणाले, खुणेनं सांग. ते कागदावर कसं चढवायचं? अर्धा तास गेला. पंखेवाला थांबून तमाशा बघत होता. दोनची मोटार जवळ येत चालली होती.

शेवटी साहेबांचं लक्ष जमिनीकडं गेलं. "दगडाबाई, तू सांग."

दगडाबाई कालपासून पहिल्यांदा बोलली. अंगावरचा पदर सारखा केला, वर बघितलं आणि विचारलं, "सांगते की. पर साहेब, खणावर सांगू का रुपयावर?"

आधी बाहेरच्या बाया हसल्या, मग चंद्रभान, मग मी. करामत अली साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसून त्यांनी मला हळूच विचारलं, "बन्सीधर, खण-नारळ म्हणजे काय असतं, सांग बरं."

मी सांगितलं. चोळीचा तुकडा आणि एक नारळ.

साहेबांचा चेहरा बदलला. "एक बाई, एक नाव, आणि माझी कचेरी अर्धा तास बंद," ते म्हणाले. "आठ दिवसांनी एकशेबारा येणार. आबासाहेब, माझी राय बदलली. चार रुपये."

"पर साहेब, परवा दोन इरुद्ध एक झालं व्हतं!"

"अभी भी दो विरुद्ध एकच है. बस, एक तुम हो."

नवा ठराव जागच्या जागी झाला. भिंतीवरचा कागद आता ठरावाशी तंतोतंत जुळत होता, मग फेरफार कसला? साहेबांनी माझी अर्धी जबानी फाडून टोपलीत टाकली. माझ्या मुअत्तलीचा कागद त्याआधीच तिथं पडला होता. यादी दोनच्या मोटारीनं परभणीला गेली आणि मंजूर होऊन आली.

मास्तर आणि सुमनबाई पुढंमागं घरी निघाले, आपल्याकडं चालतात तसे, चार पावलांचं अंतर ठेवून. वेशीपर्यंत ते अंतर दोन पावलांवर आलेलं मी या डोळ्यांनी बघितलं.

७

मतदानाच्या दिवशी दगडाबाई माझ्या शेजारी बसली आणि दुपारच्या आत एकशेबारा नावं झाली. एकही चुकलं नाही. मेजामागं मुख्य अधिकारी म्हणून बसलेल्या किशनराव मास्तरांना स्वतःच्या बायकोला ‘पतीचं नाव?’ असं विचारावं लागलं, ते सोडलं तर सगळं शिस्तीत पार पडलं.

चार दिवसांनी मेहनताना वाटायला मी नोंदवही उघडली. दगडाबाई आली, अंगठा पुढं केला.

"थांब मावशी. पैसे घेणाऱ्यानं पूर्ण नाव सांगायचं असतं. दगडाबाई, जौजे?"

बोलून गेलो आणि टाक खाली ठेवला. गावाला तिच्या नवऱ्याचं नाव ठाऊकच नव्हतं. वीस वर्षांमागं ती दोघं दुसरीकडून इथं आली, आणि महिन्याभरात तो पूर्णेला रेल्वेच्या कामावर जातो म्हणून गेला तो परतलाच नाही. ती कुंकू लावत राहिली. साऱ्या गावाच्या नवऱ्यांची नावं तिच्या जिभेवर, तिच्या नवऱ्याचं सांगायला मात्र कुणी नव्हतं.

"राहू दे मावशी," मी म्हणालो. "मी साहेबांना विचारतो. नुसतं सुईण लिहिलं तरी चालेल."

"नगं," ती म्हणाली. "साऱ्यांनी पुरं नाव सांगून पैसे नेले. माह्या मेहनतीचे हायत, म्या बी तसेच नेईन." तिनं खिडकीबाहेर बघितलं. "कुठं जित्ता असंल तर त्याचं आयुष्य उणं व्हईल, ह्येचंच भ्या हाय. पर इतक्या वर्सात कुनी इचारलंच न्हाई हो मला. त्याचं नाव इसरून जाईन की काय, असं वाटायलंय आताशा."

मी चंद्रभानला बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं. ती मेजावरून वाकली आणि माझ्या कानात, अगदी हळू, नाव सांगितलं. मग एकदा पुन्हा सांगितलं, मी विचारलं नसताना.

मी ते नोंदवहीत लिहिलं, माझ्या त्या भिकार बाळबोध अक्षरात, एकेक अक्षर सुटं काढून. तिनं अंगठा उठवला आणि चार रुपये मोजून घेतले. नाव इथं सांगत नाही. ते तिचं आहे.